कुठली एमसीबी कुठल्या खोलीची? खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेर-पारोळा पट्ट्यात घरगुती वायरिंगची कामं करतो. एखाद्या घरी बोर्ड दुरुस्तीला गेलो की माझा पहिला प्रश्न असतो, "ह्या खोलीची एमसीबी कोणती?" एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा, घराच्या एका भागाची वीज तोडणारा खटका. बहुतेक घरांत ह्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे पाहतात. घर बांधलं तेव्हा ज्याने वायर ओढली त्याला ते तोंडपाठ होतं. तो काम संपवून गेला आणि कुणी लिहून ठेवलं नाही. घरोघरी जे प्रश्न कानावर येतात, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत.

मेन पाडला की सगळं घर बंद होतं. मग एकेक एमसीबी ओळखायची गरज काय?

माझ्या मोठ्या बहिणीचंही हेच म्हणणं होतं. मे महिना, रात्रीचे दहा. गच्चीवर अंथरुणं टाकायला सगळे वर गेलेले आणि भाचा एकटाच खाली, कूलरपाशी. कूलरच्या पत्र्याला हात लागला आणि झटका बसून तो मागे पडला. ताईने धावत जाऊन मेन पाडला, तरी कूलर चालूच. ती खोली इन्व्हर्टरवर होती. मेन पडल्यापडल्या इन्व्हर्टरने तिचा भार उचलला. डीबीत, म्हणजे मेन आणि एमसीबी बसवलेल्या पेटीत, नऊ खटके, एकावरही नाव नाही. ती एकेक पाडत सुटली, आणि पोरगा पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून दाजी खोलीच्या दारात आडवे उभे राहिले. शेवटी इन्व्हर्टरचं बटण दाबलं तेव्हा कूलर थांबला. भाचा वाचला. पुढच्या रविवारी मी तिथे दिवसभर बसून घराचा नकाशा काढला, आणि तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच आग्रह धरतो.

कोणता खटका पाडायचा हे घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी शोधता येत नाही. ते दिवसाउजेडी, डोकं शांत असताना शोधून ठेवायचं काम आहे.

डीबी उघडली की आत काय काय दिसतं?

डीबीचं प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं झाकण म्हणजे दार तेवढं उघडायचं. स्क्रूने बसवलेली आतली पाटी काढायची नाही. तिच्यामागे उघडी टोकं असतात आणि मेन पाडला तरी मेनच्या वरच्या बाजूला करंट असतोच.

एका टोकाला दोन खटके जोडल्यासारखा रुंद खटका दिसतो, तो मेन. काही घरांत तो नुसता आयसोलेटर असतो. त्याने लाइन तोडता येते, पण बिघाड झाला तर तो आपोआप पडत नाही. शेजारी 'टी' अक्षराचं छोटं बटण असलेला खटका असेल तर तो आरसीसीबी. करंट अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जायला लागला की हा पडतो. घरात साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा बसवतात. उरलेले अरुंद खटके म्हणजे एमसीबी. प्रत्येकीच्या तोंडावर 'सी १६', 'बी १०' असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला आकडा अँपिअरचा. अक्षर सांगतं की क्षणभर किती जास्त करंट गेला तर ती तत्काळ पडेल. 'बी' तीन ते पाच पटीला पडते, 'सी' पाच ते दहा पटीला. मोटर सुरू होताना करंट एकदम उसळतो, म्हणून तिथे 'सी' बसवतात.

नुसत्या आकड्यावरून अंदाज येतो का?

येतो, पण अंदाजच. ६ किंवा १० अँपिअरची असेल तर बहुधा दिवे-पंखे आणि लहान प्लग. १६ किंवा २० ची असेल तर गिझर, एसी, स्वयंपाकघरातला पॉवर प्लग, बोअरची मोटर. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा. २००० वॅटच्या गिझरला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणून तो ६ च्या एमसीबीवर टिकणार नाही. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट यापेक्षा जास्त भार नको, असा आपल्याकडच्या वायरिंगचा जुना दंडक आहे. म्हणून चार खोल्यांच्या घरात दिव्यांसाठीच दोन-तीन एमसीबी सापडल्या तर नवल नाही. पण कुणी १० ची जळाली म्हणून हाताशी होती ती २० ची बसवली असेल, तर आकडा तुम्हाला फसवेल. खात्री फक्त प्रत्यक्ष पाडून पाहिल्यावरच होते.

मग प्रत्यक्ष शोधायचं कसं?

दोन माणसं घ्या, सकाळची वेळ घ्या. वीज कंपनीचा दुरुस्तीचा वार आधी पाहून ठेवा, नाहीतर आपण पाडलेली एमसीबी आणि गेलेली लाईट यांत गोंधळ होतो. टीव्ही, संगणक, फ्रिज आधी त्यांच्या खटक्यावरून बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तो पूर्ण बंद करा, नाहीतर निम्म्या खोल्या चालूच दिसतील आणि यादी चुकेल. इन्व्हर्टरवरच्या खोल्यांची वेगळी फेरी नंतर घ्यायची आहे.

पोरांच्या वहीचं चौकटीचं पान घ्या आणि त्यावर घर काढा. ओटा, पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, जिना, गच्ची, मागचं अंगण. प्रत्येक खोलीतला प्रत्येक पॉइंट खूण करून मांडा. दिवा, पंखा, प्लग, घंटा, ओट्याचा बल्ब, देवघरातला झिरोचा दिवा, पाण्याच्या टाकीचा प्लग, काहीही सोडू नका. सगळे दिवे-पंखे चालू करा. प्लगसाठी मोबाइलचा चार्जर चालत नाही, कारण फोन लाईट गेल्याचं लांबून सांगत नाही. नाइट लँप बरा, आणि तो प्रत्येक प्लगात फिरवायचा.

आता डीबीपाशी उभ्या असलेल्याने डावीकडून पहिली एमसीबी पाडायची आणि मोठ्याने "एक!" म्हणायचं. आत फिरणाऱ्याने जे जे बंद झालं त्या प्रत्येक खुणेपाशी १ लिहायचा. पूर्ण घर फिरून झाल्यावरच एमसीबी वर करायची, मग दुसरी. घर मोठं असेल तर दोघांनी एकमेकांना फोन लावून ठेवावा.

घाई होते ती इथेच. स्वयंपाकघराची एमसीबी पाडली, स्वयंपाकघर बंद झालं, लिहून मोकळे. पण त्याच एमसीबीवर न्हाणीतला गिझरचा प्लग असतो, किंवा मागच्या अंगणातला दिवा नंतर स्वयंपाकघरातून ओढलेला असतो. नंतर वाढवलेलं काम जवळच्या पॉइंटवरून ओढलेलं असतं, खोलीच्या हिशोबाने नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला पूर्ण घर फिरायचं, गच्चीसकट.

सगळ्या फेऱ्या झाल्यावर कागदावर एखादी खूण आकड्याशिवाय राहिली, तर तो पॉइंट मेनच्या आधीपासून जोडलेला आहे किंवा दुसऱ्या कुठल्या लाइनवर आहे. ते आपण सोडवायचं नाही, वायरमनला दाखवायचं.

घरात मी एकटीच असते. मला कसं जमेल?

जमेल. मोठ्या आवाजाचा रेडिओ प्लगला लावून ठेवा आणि डीबीपाशी या. आवाज थांबला की ती एमसीबी त्या प्लगची. मग रेडिओ पुढच्या प्लगाला. दिव्यांसाठी मात्र ये-जा करावीच लागेल.

दुसरी युक्ती मीटरची. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल ते मीटरवरच छापलेलं असतं. ३२०० छापलं असेल तर २००० वॅटच्या गिझरला तो मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो. २०० वॅटच्या कूलरला मिनिटाला दहा-अकरा वेळाच. फक्त गिझर चालू ठेवून एमसीबी पाडत गेलात की लुकलुक थांबेल तीच गिझरची. सगळ्या एमसीबी पाडूनही दिवा लुकलुकत असेल तर घरातलं काहीतरी एमसीबीला वळसा घालून वीज घेतंय. ते लगेच तपासून घ्या.

नावं कशी लिहायची? चिकटवलेल्या पट्ट्या उन्हाळ्यात गळून पडतात.

पडतातच. आपल्याकडच्या उन्हात साध्या चिकटपट्टीचा गोंद पहिल्याच वर्षी सुकतो. मी एमसीबीखाली पक्क्या शाईच्या पेनने फक्त आकडा लिहितो, आणि डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट केलेली यादी चारही कडांनी चिकटवतो. तिचा मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवायचा.

खोल्यांना माणसांची नावं देऊ नका. 'पोरांची खोली' लिहिलं आणि पोरं पुण्याला शिकायला गेली, तिथे आता आजी झोपते. 'उगवतीची खोली', 'मावळतीची खोली', 'जिन्याखालचा प्लग' असं लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही वाचता आलं पाहिजे. न्हाणी, कूलर आणि मोटर यांच्यापुढे लाल खूण करा. पाण्याशी संबंध येतो तो हा भाग, आणि कधी तातडीने बंद करायची वेळ आली तर बहुधा यातलंच काहीतरी असतं.

एमसीबी पाडली, टेस्टर पेटला नाही. आता हात लावू का?

लगेच नाही. टेस्टर खराब असू शकतो, त्यातला दिवा उन्हात दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर तो मंद पेटतो. आधी चालू असलेल्या प्लगात टेस्टर पेटतो का ते पाहा, मग बंद केलेल्या पॉइंटवर लावा, आणि पुन्हा एकदा चालू प्लगात पाहा. तिन्ही वेळा अपेक्षेप्रमाणे झालं तर विश्वास ठेवा. मी इतक्या वर्षांनंतरही दर वेळी असंच करतो. यादीत लिहिलंय म्हणून लाइन बंद असेलच असं धरून चालत नाही. दारावरची यादी खटका शोधायला, लाइन मेली आहे का हे सांगायला टेस्टर.

एमसीबी पाडून दुसरीकडे जाणार असाल तर तिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पंखा बंद का झाला म्हणून कुणीतरी ती वर करतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एमसीबी पाडूनही बोर्डात करंट राहतो. असं कसं?

याची चार कारणं मला वारंवार सापडतात.

पहिलं इन्व्हर्टर, त्याबद्दल वर लिहिलंच. दुसरं म्हणजे एकाच बोर्डात दोन सर्किट. वरचे दिवे-पंख्याचे खटके एका एमसीबीवर आणि त्याच बोर्डातला पॉवर प्लग दुसरीवर. बोर्ड उघडण्याआधी त्यातला प्रत्येक प्लग वेगळा तपासावा लागतो.

तिसरं कारण जास्त वाईट. एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडते, न्यूट्रल (परतीची वायर) नाही. वायर जोडताना कुणी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली असेल, तर एमसीबी पाडल्यावर न्यूट्रल तुटतो, दिवा बंद होतो, आणि वायरीत फेज तसाच उभा राहतो. बंद दिसणाऱ्या होल्डरमध्ये टेस्टर पेटतो तो यामुळे. जिन्याच्या दिव्यालाही असाच धोका आहे. फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा घेऊन दोन्हीकडून चालू-बंद होणारा दिवा जोडलेला मी अनेकदा पाहिला आहे.

चौथं कारण वाटणीचं. घर एक होतं, भाऊ वेगळे झाले, मध्ये भिंत घातली, मीटर दोन घेतले, पण भिंतीतल्या जुन्या वायरी तशाच राहिल्या. मग धाकट्याच्या माजघरातला एखादा प्लग थोरल्याच्या मीटरवर चालतो. धाकट्याने आपला मेन पाडला तरी तो प्लग जिवंतच. बिलावरून दोन घरांत अबोला झाला आणि कारण भिंतीतली ही जुनी वायर निघाली, असंही माझ्यासमोर घडलं आहे. वाटणी झालेल्या घरात दोन्ही घरांनी मिळून, एकाच दिवशी ही तपासणी करावी.

आमच्या जुन्या धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरात एमसीबीच नाही, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. त्यांचं काय?

पद्धत तीच, फक्त एमसीबी पाडण्याऐवजी मेन पाडून एकेक किटकॅट बाहेर काढायचा, मग मेन लावून घर फिरायचं. मेन चालू असताना किटकॅट ओढू नका. जुन्या पकडी सैल असतात, ठिणगी उडते. फ्यूज वायरच्या जागी कुणी तांब्याचे पेड पिळून घातलेले दिसले तर तो फ्यूज कधीच उडणार नाही, उडेल ती भिंतीतली वायर. अशा घराच्या धाब्यात सागवानी सरे आणि वर माती, लाकडाला लागलेली आग धुमसत राहते. माझं स्पष्ट मत, यादी करण्यापेक्षा त्या घराला आधी एमसीबी आणि आरसीसीबी बसवा.

उन्हाळ्यात दुपारी ठरावीक एकच एमसीबी पडते, रात्री तीच नीट चालते. ती खराब आहे का?

नेहमी नाही. एमसीबीच्या आत दोन धातूंची पट्टी असते. जास्त करंटने ती तापते, वाकते आणि खटका पाडते. एमसीबीवर छापलेला आकडा ३० अंश सेल्सिअस तापमान धरून ठरवलेला असतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यातून डीबी मावळतीच्या भिंतीवर, पत्र्याच्या बंद पेटीत असेल तर आत त्याहून जास्त उकाडा. पट्टी आधीच तापलेली, म्हणून कमी करंटलाही ती पडते. ही एमसीबी कशाकशाची आहे हे यादीत असेल, तर दुपारी कोणता भार कमी करायचा ते लगेच कळतं. माझ्या पाहण्यात बहुतेकदा दिवे-पंख्याच्या लाइनवर कूलर आणि प्लगमधून ओढलेली इस्त्री एकत्र आलेली असते.

तिथे मोठी एमसीबी बसवून घेऊ नका. दिव्यांची वायर बहुधा १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची असते. तिच्यावर ३२ ची एमसीबी बसवली तर एमसीबी पडायच्या आत वायरचं आवरण वितळतं. कूलरला किंवा एसीला वेगळी लाइन ओढणं हाच इलाज. डीबीच्या पेटीला हात लावून एकच एमसीबी चटका बसण्याइतकी गरम लागली किंवा जळका वास आला, तर मात्र स्क्रू सैल झालेला असतो. मेन पाडून वायरमनला बोलवा.

"भाऊ, अर्धा घरनी लाईट गयी," पण सगळ्या एमसीबी वर आहेत.

घरात तीन फेजचं कनेक्शन असेल तर एक फेज गेला. म्हणून तीन फेजच्या घरात यादीत प्रत्येक एमसीबीपुढे ती लाल, पिवळ्या की निळ्या फेजवर आहे तेही लिहून घ्या. मग अंधारात गेलेल्या खोल्या एकाच रंगाच्या आहेत का, हे एका नजरेत समजतं. तसं असेल तर बिघाड बहुधा घरातला नाही, मीटरच्या आधी किंवा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे. महावितरणला १९१२ वर कळवा. तोवर तीन फेजची मोटर सुरू करू नका, दोन फेजवर ती जळते. आणि डीपीवरचा फ्यूज काठीने बसवायला कुणालाही जाऊ देऊ नका, गावातला कितीही जाणता असला तरी.

एकाच फेजचं घर असेल आणि अर्धं बंद असेल तर बहुधा कुठेतरी न्यूट्रल सुटलाय. दिवे कधी मंद कधी प्रखर होत असतील तर मेन पाडा, वाट पाहत बसू नका.

एमसीबी नाही, आरसीसीबीच पडते. कोणत्या खोलीमुळे ते कसं कळणार?

सगळ्या एमसीबी पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी लावत जा. जिच्यावर आरसीसीबी पुन्हा पडेल त्या सर्किटमध्ये गळती आहे. त्या सर्किटवरची सगळी उपकरणं प्लगातून काढून पुन्हा पाहा. उपकरणं काढल्यावर आरसीसीबी वर राहिली तर एकेक उपकरण लावत गेल्याने दोषी सापडेल. आमच्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास कूलर बाहेर निघतात, आणि तेव्हा असे फोन सुरू होतात. कूलरचा पंप वर्षभर पडून राहिलेला असतो, त्याच्या वायरीचं आवरण उंदरांनी कुरतडलेलं असतं.

सगळ्या एमसीबी पडलेल्या असतानाही आरसीसीबी वर राहत नसेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला किंवा ओल्या भिंतीला टेकलाय. एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून ती पाडून हा दोष वेगळा करता येत नाही. तिथे वायरमनच हवा. आरसीसीबी काढून टाकून सरळ जोडून द्या, असं सांगणारे भेटतात. ते ऐकू नका. 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का पाहत जा.

गच्चीवर सोलर बसवलंय. त्याची एमसीबी पण यादीत घ्यायची?

घ्यायची, आणि वेगळ्या रंगात. ग्रीडला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर लाईट गेली की आपोआप थांबतो, पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीत दिवसभर व्होल्टेज असतं, घरचा मेन पाडला तरी. गच्चीवरून उतरणाऱ्या त्या पाइपापाशी 'दिवसा करंट असतो' असं ठळक लिहून ठेवा. कानबाईच्या सणाला रोषणाईच्या माळा बांधताना पोरं त्याच कठड्यावर चढतात.

घर भाड्याचं आहे. हे केलेलं चालेल का?

खटके पाडून पाहायला आणि यादी लावायला हरकत नाही. घर सोडताना ती तशीच राहू द्या.

यादी एकदा केली की झालं?

एसी, गिझर, इन्व्हर्टर, नवी खोली, वरचा मजला, यातलं काहीही वाढलं की त्याच दिवशी यादी दुरुस्त करा आणि खाली तारीख टाका. वायरमनचे पैसे देण्याआधी त्याच्याकडूनच लिहून घ्या, तेव्हा त्याला सगळं आठवत असतं. बाकी काही बदललं नसेल तर वर्षातून एकदा, कूलरला नवं गवत भरण्याच्या आधीच्या रविवारी, पुन्हा एक फेरी. दुसऱ्यांदा तासाभराच्या आत होते. ताईच्या घरी आता ती फेरी भाचा घेतो आणि मोठ्याने आकडे ओरडतो.